पत्रकार कक्षातून दिसलेली महापालिका

पालिकेचं वार्तांकन करायला आलेला प्रत्येक नवा वार्ताहर पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो, 'इथे चालतं कुणाचं?' सभागृहाच्या पत्रकार कक्षात बसून जे उमगलं, ते त्याला असं सांगतो.

१. महापौरांना मान असतो, अधिकार बेताचे. सभा ते चालवतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ ते देतात आणि अडीच वर्षांनी खुर्ची सोडतात. कारभाराची सही आयुक्तांची. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या की इतर महापालिकांचा १९४९ चा, मेख हीच आहे. आयुक्तांना नेमतं राज्य सरकार, त्यामुळे शहरातल्या भांडणाचा निकाल पुष्कळदा मंत्रालयात लागतो.

२. नको असलेले आयुक्त घालवायची तरतूद कायद्यात आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी अविश्वासाच्या बाजूने मत द्यायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईने तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध १०४ विरुद्ध ६ मतांनी ठराव केला. एवढं बहुमत असूनही सरकारने तो ठराव निलंबित केला. पुढे काही महिन्यांत मुंढेंची बदली झाली, तीही सरकारच्याच आदेशाने.

३. विषयपत्रिका शेवटून वाचावी. शोकप्रस्ताव, लक्षवेधी, पाणीप्रश्नावर हंडे घेऊन आलेले सदस्य, हे सगळं दुपारपर्यंत रंगतं आणि टीव्हीवर तेच दिसतं. संध्याकाळी निम्मं सभागृह रिकामं होतं. मग नगरसचिव विषय क्रमांक पुकारतात, कुणीतरी बसल्या जागेवरून 'मंजूर' म्हणतं आणि पानं भराभर उलटतात. एका सभेत एका भूखंडाच्या आरक्षण बदलाचा विषय मी असाच जाताना पाहिला. चर्चेचा शब्द नाही. पुढच्या महिन्यात इतिवृत्त हाती आलं, तर त्यात सूचक, अनुमोदक आणि अर्ध्या पानाची उपसूचना! ती सभागृहात कुणी वाचलेली आम्हा वार्ताहरांपैकी कुणालाही आठवेना. तेव्हापासून 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा सगळ्यात कंटाळवाणा विषय मी कान देऊन ऐकतो.

४. खरी चुरस स्थायी समितीसाठी असते. मुंबई सोडून बाकी ठिकाणी तिचे १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. मोठ्या निविदा तिथे मंजूर होतात, आयुक्तांचं अंदाजपत्रकही आधी तिथेच जातं. तिजोरीच्या चाव्या म्हणतात त्या याच. पालिकेत पक्षांतरं, नाराजी, सदस्यांच्या सहली यांचा हंगाम आला की समितीच्या नियुक्त्या जवळ आल्या असं समजावं. करांचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात. निवडणूक तोंडावर असेल तर करवाढ फेटाळण्यावर सगळ्या पक्षांचं कसं छान एकमत होतं!

५. स्वीकृत नगरसेवकाला बोलता येतं, मत देता येत नाही. तरी त्या जागेसाठी रांग असते.

६. मुंबईत एका प्रभागाचा एक नगरसेवक. बाहेर बहुतेक ठिकाणी चौघांचा प्रभाग. गटार तुंबलं की चौघेही 'तो भाग त्यांच्याकडे आहे' म्हणतात. उद्घाटनाच्या फलकावर मात्र चौघांचे फोटो. नागरिकांना मी कनिष्ठ अभियंत्याचं नाव काढायला सांगतो. कुठल्या वाहिनीवर कुठलं झाकण, ते त्यालाच ठाऊक असतं.

७. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्ताव ठेवायचा आणि स्थायी समिती म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा! फायली झपाट्याने हलल्या, हे कबूल. पण आरडाओरडा करणारं कुणी नव्हतं, आणि पालिकेतली निम्मी माहिती आरडाओरड्यातूनच बाहेर येते. 'या कामाचा ठेकेदार कोण?' असं विरोधकाने ओरडून विचारलं की अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. प्रशासकाच्या काळात त्याच प्रश्नासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून वाट बघत बसा.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. नव्या नगरसेवकांनी प्रभागाचा निधी मागण्याआधी प्रशासकाच्या काळातले ठराव मागवून घ्यावेत. जी कामं अजून पुरी व्हायची आहेत, त्यांची बिलं यांच्याच अंदाजपत्रकातून जाणार आहेत.