आपला कांदा परदेशी जातो

नाशिक जिल्ह्यात लासलगाव आहे. तिथे कांद्याचा मोठा बाजार भरतो. देशात सगळ्यांत जास्त कांदा आपल्या महाराष्ट्रात पिकतो. एवढा कांदा आपण एकटे थोडेच खाणार? तो परराज्यात जातो. परदेशीही जातो. न्हावाशेवा बंदरातून तो बोटीने दुबईला, मलेशियाला जातो. माल असा परदेशी विकणे म्हणजे निर्यात.

निर्यातीने आपल्याला काय मिळते? गिऱ्हाईक वाढले की लिलावात बोली चढते. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. कांदा निवडणाऱ्या बायांना, हमालांना काम मिळते. दुकानदाराची उधारी फिटते. देशालाही परकी चलन मिळते.

आणि निर्यात थांबली तर? देशात भाव फार चढू नये म्हणून सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर शेकडा ४० कर बसवला. डिसेंबरात निर्यातच बंद केली. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त हवा, हेही खरेच. पण तेव्हा लाल कांदा निघत होता. तो फार दिवस टिकत नाही. ठेवायचा कुठे अन् कसा? भाव पडला. बंदी मे २०२४ मध्ये उठली. कर पुरता गेला तो १ एप्रिल २०२५ ला. असे झाले की परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशाचा कांदा घेऊ लागते. ते परत आणणे सोपे नसते.

मग आपण काय करावे? उन्हाळ कांदा नीट सुकवावा, निवडावा, मगच चाळीत भरावा. बाजारभाव रोज पाहावा. निर्यातीचा हुकूम बदलला का, ते वर्तमानपत्रात बघावे. हिशेबपट्टीवरचे वजन, भाव अन् हमाली स्वतः वाचावी. आता आपल्याला वाचता येते ना!