खेळ, पत्ते आणि उचल



गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत एका मातेने आम्हाला सरळच विचारले, "फादर, मोबाईलवर गेम खेळणे पाप आहे, असे एकदा वेदीवरून सांगून टाका ना. पोरगं आमचं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल." बाकीच्या मातांनीही माना हलवल्या. आम्ही तेथे उत्तर दिले नाही. कारण २०१९ साली आम्ही नेमके हेच केले होते, आणि ते बरोबर केले असे आज आम्हाला वाटत नाही.

त्या वर्षी पब्जीने धुमाकूळ घातला होता. जानेवारीत या खेळावर बंदी घालावी म्हणून एका अकरा वर्षांच्या मुलाची याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. मार्चमध्ये गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी बंदीहुकूम काढला व खेळणाऱ्या काही तरुणांना पकडलेही. एक बाजू म्हणे, गोळीबाराच्या खेळाने मुले हिंसक होतात. दुसरी म्हणे, पोरांचा खेळच तो, त्यात काय एवढे! आम्हीही त्या भरात प्रवचनात पब्जीला सैतानाचे जाळे म्हणून मोकळे झालो. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जीही गेले. पण ते मुलांच्या काळजीने नव्हे, तर सीमेवर चीनशी तणाव असताना देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, २०२२ मध्ये बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मुलांविषयीचा वाद होता तेथेच राहिला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे खेळाविषयीचे विवेचन आम्ही पाठ केले होते आणि परीक्षा संपताच विसरलो होतो. त्या बैठकीनंतर ते पुन्हा उघडले. त्यात त्यांनी जुन्या धर्मपितरांची एक गोष्ट सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते रुचले नाही. तेव्हा योहानने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला सांगितले, आणि विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानचे उत्तर. संत थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्यांच्या खेळात विरजण घालतो, त्याचाही ते दोष मानतात. हे वाचून आम्हाला आमचे २०१९ चे प्रवचन आठवले!

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संतपद बहाल केले, तो पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेला कार्लो अकुतिस व्हिडिओ गेम खेळत असे. मात्र आठवड्यातून एक तास, असा नियम त्याने स्वतःच स्वतःला घातला होता. खेळावरचा ताबा सुटणे, खेळापुढे बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. तेव्हा मुलाला रागावण्याआधी तो किती वेळ खेळतो, कोणाबरोबर खेळतो आणि हाक मारल्यावर उठतो की नाही, एवढे तरी बघावे.

परंतु खरी गोष्ट वेगळीच आहे. आम्ही पोरांवर गरजत होतो तेव्हा बाकावर बसलेला एक बाप मान डोलवत होता. तो गेल्या वर्षी एका संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर येऊन बसला. (हे पापनिवेदन नव्हते, आणि लिहायला त्याने परवानगी दिली आहे. तो कोण, हे कृपया शोधू नये.) मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले साठ हजार तो मोबाईलवरच्या रमीत हरला होता. सुरुवातीला कंपनीने बोनस दिला, दोनदा जिंकलाही. मग हरलेले परत मिळवायचे म्हणून खेळत गेला. आपल्या जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. ती नवरा-बायको दोघांच्या नावची असते. पैसे तो हरला, पण कोयता तिलाही चालवावा लागणार होता.

"पण फादर, रमी जुगार नाही, कोर्टानेच म्हटलंय," असे तो म्हणाला. त्यात तथ्य आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, असा निर्वाळा दिला. त्याच आधारावर मोबाईलवर पैशांची रमी मांडली गेली. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेतील चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली असेल. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले; पुढे त्यांचे खाते बदलले. कोण खरे, हा निवाडा आमचा नव्हे. पण रमीची जाहिरात कोणाच्याही हातातल्या मोबाईलवर येऊन उभी राहत होती, एवढे तर त्यांच्या खुलाशातूनही दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. अशा खेळांत वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये लोक गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच या कायद्याने बाजूला ठेवला. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. काही कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ आणखी वेगळा प्रश्न विचारतो. पत्ते किंवा पैज स्वतःहून अन्यायाची आहे, असे तो म्हणत नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेसाठी जे लागते तेच डावावर लागले, की ते नीतीला सोडून झाले, असे तो सांगतो. आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, हा इशाराही देतो. म्हणजे पाने लक्षात ठेवायला डोके लागते की नाही, हा येथे मुद्दाच नाही. साठ हजार कोणाच्या भाकरीचे होते, हा आहे. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा डाव कसाही लागो, वस्त्र तर दुसऱ्याचेच होते.

त्या मातेला आम्ही नंतर घरी जाऊन एवढेच सांगितले, की पोराचा मोबाईल बघताना घरातल्या मोठ्यांचाही बघा. पोराने मग आम्हाला बीजीएमआय खेळायला बसवले. दोन मिनिटांत आम्ही मेलो. तो पोट धरून हसला आणि आईने हाक मारताच उठला.

ओट्यावर आलेला तो बाप यंदाही बायकोसह ऊसतोडीला जाणार आहे. मागचे अजून फिटलेले नाही. या वेळची उचल मात्र बायकोच्या खात्यावर जमा झाली आहे, आणि त्याच्याकडे बटणांचा साधा फोन आहे.