स्लाइड प्रोजेक्टर दुरुस्त करताना

१. आधी पंखा, मग वीज. बंद यंत्राचा पंखा बोटाने फिरवून पाहावा. सहज फिरला तरच प्लग लावावा. आतला हॅलोजन दिवा बहुधा २४ व्होल्ट, २५० वॉटचा, आणि फिल्म त्याच्यापासून काही इंचांवर. आमच्या मोहोळला मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते. त्यात पंखा थांबला तर फिल्म बघता बघता बाक धरते. पंख्याच्या बुशला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरे. जास्त झालं की उडून भिंगावर बसतं.

२. दिवा लागत नाही म्हणजे दिवा गेलाच असं नाही. आधी होल्डर तपासा. पिना काळ्या पडलेल्या, स्प्रिंग ढिली, असं बऱ्याचदा निघतं. होल्डर भाजलेला असेल तर नवा दिवाही टिकत नाही. दिवा उघड्या बोटांनी धरू नये, बोटांचं तेल काचेवर भाजतं. रात्री शेतीपंप बंद झाले की आमच्याकडे व्होल्टेज चढतं. पाच टक्के चढलं तरी दिव्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. स्टॅबिलायझर हवाच.

३. स्लाइड अडकली तर जोर लावू नका. जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवं अगदी थोडं लावा.

४. दिवा आणि स्लाइड यांच्यामध्ये उष्णता शोषणारी काच असते. ती तडकली म्हणून काढून टाकून यंत्र चालवणारे मी पाहिलेत. माझा याला ठाम विरोध आहे.

५. चाचणीला रद्दी स्लाइडच घाला. कोडाक्रोम फिल्मचे रंग अंधारात उत्तम टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर उडतात. माझ्याकडे आलेल्या एका पेटीत ज्वारीच्या स्लाइड होत्या. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडलेलं, त्यामुळे मी त्या भिंगाखाली धरून निरखल्या. पाच सेंटीमीटरच्या चौकटीत कणसाचा दाणा न् दाणा सुटा दिसत होता. यंत्र दुसरं मिळेल, ही चौकट नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिका हा काचेवरच्या चित्रांचा पडद्यावरचा खेळ दाखवला. हाताने रंगवलेल्या त्या काचा जपल्या गेल्या म्हणून तो खेळ आज आपल्याला कळतो.

६. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. आता सुटे भाग मिळतात ते बहुतेक दुसऱ्या बंद यंत्रातूनच. तेव्हा शाळेच्या, दवाखान्याच्या, स्टुडिओच्या कपाटात असं यंत्र पडून असेल तर भंगारात देऊ नका. ट्रेमधल्या स्लाइड उजेडाला धरून बघा आणि माणसं ओळखणारं कोणी आहे तोवर चौकटीवर पेन्सिलने नाव, गाव, साल लिहून ठेवा.