कर्दे ते हर्णै: सुटी नव्हे, तिथी पाहून निघा

दापोली तालुक्यातली कर्दे–मुरुड–हर्णै ही किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी वाट म्हणजे दिवसभराची निवांत चाल. अंतर साधारण 10 ते 12 किलोमीटर, तेही बरंचसं वाळूतून. चढ नाही, घसारा नाही; इथे सांभाळायचं ते पाणी.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. शिवाय तेव्हाची भरती भांगाची, उधाणासारखी अंगावर न येणारी. सप्तमी ते दशमीत पडणारा शनिवार-रविवार धरा. हिशेब ढोबळ आहे, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

नऊपर्यंत कर्दे गाठून उत्तरेकडे निघालात की ऊन पाठीवर राहतं. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. पाणी नुकतंच सरलेल्या ओल्या पट्ट्यावरून चाला. तिथे बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या मांडलेल्या दिसतील.

मुरुडला घरगुती जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. जेवणानंतर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून दुर्गादेवीच्या देवळापर्यंत फिरून या.

पुढे सालदुरे, पाळंदे. वाटेत खाडीचं तोंड आडवं आलं तर पाणी कितीही उथळ दिसो, आत उतरू नका; डांबरी रस्त्याने वळसा घाला. समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा बळकट किल्ला, हळूहळू मोठा होत जातो. त्याच्यासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेत. वेळ असेल तर कनकदुर्गावर चढा. चढण थोडीच आहे.

चारच्या सुमारास हर्णै बंदरात पोचलात तर मासळीचा लिलाव सापडेल. बोली टोपल्यांवर लागते, तेव्हा उगाच मध्ये तोंड घालू नका. घरापुरती मासळी बाजूला बसलेल्या कोळणींकडे मिळते. दापोलीच्या शेवटच्या एसटीची वेळ मात्र सकाळीच विचारून ठेवा.