रक्त तपासले, तरी तीन महिने थांबा!

समजा, तुमचे कुटुंब पुण्याहून लंडनला कायमचे राहावयास निघाले आहे आणि मोती कुत्र्यालाही न्यायचे आहे. त्याच्या तयारीला तुमच्या व्हिसाहून अधिक वेळ लागू शकेल!

प्रथम त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या रेडिओलहरींवर ती क्षणभर जागी होते व आपला 15 अंकी क्रमांक सांगते. मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर लस पुन्हा टोचावी लागते, कारण ती याच कुत्र्याला दिली याला पुरावा काय?

निदान 30 दिवसांनी रक्त तपासतात. रक्तरसाच्या 1 मिलिलिटरमध्ये प्रतिपिंडांची किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकके हवीत. ती भरली, तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. का बरे?

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला आठवडे, कधी महिनेही लागतात आणि तोवर कुत्रा धडधाकट दिसतो. लशीपूर्वीच त्याला पिसाळलेला कुत्रा चावला असेल, तर लशीमुळे प्रतिपिंडे तयार होतील, पण विषाणूही मज्जातंतूत दडलेला असू शकेल. प्रतिपिंडांची तपासणी तो दाखवीत नाही. काळच दाखवितो.

ब्रिटनने 1902 मध्ये रेबीज हटविला होता. पहिल्या महायुद्धानंतर, 1918 मध्ये, चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत शिरला, असे मानतात. 1922 मध्ये पुन्हा निघाला. म्हणून भारतातून गेलेल्या कुत्र्याला 2011 अखेरपर्यंत तेथे सहा महिने कोंडून ठेवीत. आता वाट पाहायची ती घरीच. मोतीच्या दृष्टीने हे कितीतरी बरे! मात्र लस टोचल्यापासून किमान चार महिने धरूनच त्याचे तिकीट काढा.