'मत्त' शब्दाचा अर्थविचार

शास्त्राध्ययनात कित्येकदा परिचित शब्दच साधकाला चकवितो. 'मत्त' हा असाच एक शब्द आहे. मत्त म्हणजे मद्य प्यालेला, एवढाच अर्थ घेऊन वाचक पुढे जातो. आणि आपण मद्याला शिवत नाही, तेव्हा हा दोष आपल्याला लागू नाही, असे समजतो. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

व्युत्पत्ती : 'मत्त' हे 'मद्' धातूचे रूप होय. धातुपाठात या धातूचा अर्थ 'हर्ष' असा सांगितला आहे. अर्थात मुळात तेथे दोष नाही. हर्ष विवेकाची मर्यादा ओलांडतो, तेव्हा तोच 'मद' होतो. मद्य, मदिरा, उन्माद, प्रमाद हे शब्द याच धातूचे. मराठीत त्याची दोन क्रियापदे आली. सप्त शब्दापासून 'सात' झाला, त्याप्रमाणे मत्त शब्दापासून 'मातणे'. आणि अद्य शब्दापासून 'आज' झाला, त्याप्रमाणे माद्यति या रूपापासून 'माजणे'. लोकव्यवहारात मनुष्य दारूने झिंगतो, पण धनाने, सत्तेने, तारुण्याने माजतो. मद्याच्या पेल्यावाचूनही मद चढतो, हे बोलीने असे जपून ठेवले आहे.

शास्त्रातील प्रयोग : श्रीगीतेच्या १६ व्या अध्यायात आसुरी जनांचे वर्णन करताना मद शब्द दोनदा आला आहे. १० व्या श्लोकात तो दंभ व मान यांच्या जोडीला आहे, १७ व्या श्लोकात धन व मान यांच्या. दोन्ही ठिकाणी मद्याचा उल्लेख नाही. १८ व्या अध्यायात, जी धृती मद सोडू देत नाही ती तामसी म्हटली आहे. मदाने सावधपण सुटले म्हणजे जे घडते तो 'प्रमाद'. त्याची गणना १४ व्या अध्यायात तमोगुणाच्या लक्षणांत केली आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात या शब्दाचा सारा अर्थ कथारूपाने उलगडतो. आरंभी पिंडारक क्षेत्री यदुकुमार ऋषींची थट्टा करतात व शाप ओढवून घेतात. तेथे पेला नाही. वैभवाचा माज आहे. शेवटी प्रभास क्षेत्री तेच यादव मैरेय मद्य प्राशन करून परस्परांचा संहार करतात. पहिला मद मनाचा, दुसरा मद्याचा. पहिल्याने शाप आणला, दुसऱ्याने तो पुरा केला. या दोन प्रसंगांच्या मध्ये श्रीकृष्ण भगवंतांनी उद्धवदेवांना केलेला उपदेश आहे. ज्याने तो ऐकला तो वाचला. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांनी 'उद्धवगीता' रचताना हाच स्कंध निवडला, हे ध्यानात घ्यावे.

शंका : खरा मद मनाचा असेल, तर मद्यनिषेधाचे एवढे महत्त्व का?

समाधान : मनाचा मद विवेकाने ओळखता येतो, मद्य त्या विवेकालाच प्रथम बुडविते. रोगाबरोबर औषधही गमावण्यासारखे हे आहे. म्हणून परमार्गात उपदेश घेणाऱ्याला मद्यत्याग अनिवार्य आहे. त्यात 'थोडेसे' ही सवलत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली म्हणजे या नियमातील करुणा कळते.

भक्तीतील तल्लीनतेलाही कोणी 'नशा' म्हणतात. लीळाचरित्रात त्यासाठी 'स्थिती' हा नेमका शब्द आहे. मत्त मनुष्याचा तोल जातो. 'स्थिती' शब्दात 'स्था' म्हणजे उभे राहणे, स्थिर होणे हा धातू आहे. मदात मनुष्य 'मी' एवढेच जाणतो, स्थितीत 'मी' उरत नाही. हा भेद विसरू नये.

तात्पर्य, मद्यत्याग ही पहिली पायरी होय, शेवटची नव्हे. 'मी निर्व्यसनी, तो व्यसनी' असे म्हणून जो दुसऱ्याचा तिरस्कार करतो, त्याने पेला टाकला, पण मद टाकला नाही. व्यसनात सापडलेला जीव आश्रमाच्या दारी आला, तर त्याला हाताला धरून आत घ्यावे. आणि त्याच वेळी आपल्या व्रताचा, विद्येचा, वेषाचा माज आपल्याला चढला नाही ना, हे प्रत्येकाने नित्य तपासावे.