बिननंबरी गाडी आणि पायी चालणारा

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मी अपघात-भरपाईचे दावे चालवते. पूर्वी पक्षकाराच्या पिशवीतून ट्रकची, बसची, मोटारसायकलची कागदपत्रं निघायची. आता विजेच्या दुचाकीचा धक्का लागून पडलेली माणसंही येतात, त्यांत वयस्कर जास्त. गाडीचा आवाज येत नाही, मागे वळून बघायच्या आत माणूस खाली पडलेला असतो. या कामातून जे कळलं ते गाडी चालवणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं आणि चालणाऱ्यांनाही.

१. ‘गाडीला नंबर नाही, मग केस कसली?’ हे वाक्य मी पोलीस चौकीच्या बाकावर बसलेल्या पालकांकडून फार ऐकलं आहे. केस होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवणं हा गुन्हा आहे. त्याला मोटार लागत नाही, सायकलसुद्धा त्यात येते. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत.

२. फौजदारी बाजू अशी सरळ आहे. खरी अडचण पैशाच्या बाजूला आहे. मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम त्या गाडीला मोटार वाहन मानत नाहीत. तिला पासिंग नको, लायसन्स नको, विमा नको. (अशा ‘लो-स्पीड’ गाडीला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी मात्र लागते. त्यांपैकी एक संस्था, एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे.) विकणारे या सवलती मोठ्या अक्षरांत सांगतात. त्यांची दुसरी बाजू जखमी माणसाच्या वाट्याला येते. गाडी मोटार वाहन नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार उघडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या (पुढची कलमंही त्याच कायद्यातली) कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात, तीही वाट बंद होते. मग साध्या दिवाणी न्यायालयात, रकमेवर कोर्ट फी भरून, चालवणाऱ्यावर दावा लावायचा. त्याच्यामागे विमा कंपनी नसते. जे द्यायचं ते त्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचं, आणि खिसा रिकामा असला तर हुकूमनामा हातात घेऊन जखमीनं वाट बघायची.

३. म्हणून मोटरवरचे आकडे वाचा. एका आजींच्या प्रकरणात कर्वे रस्त्याच्या फूटपाथवर त्यांना मागून धक्का बसला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. पंचनाम्यात ‘काळ्या रंगाची इलेक्ट्रिक दुचाकी, नंबर नाही’ एवढंच लिहिलेलं. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. मागच्या चाकातल्या मोटरवरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसला, तर खाली बारीक अक्षरं निघाली : ६० व्होल्ट, १००० वॅट. ती चालवणाऱ्या मुलाला घेताना लो-स्पीड म्हणून दिली होती. एवढ्या शक्तीच्या मोटरला लो-स्पीडची सूट लागू होत नाही. म्हणजे कायद्यानं ते मोटार वाहन, आणि तेही विनापासिंग, विनाविमा. आजींना न्यायाधिकरणाचं दार उघडलं. मुलाच्या घरच्यांवर मात्र सगळा बोजा थेट आला, कारण न्यायाधिकरणाचा पैसा थकला तर तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होऊ शकतो.

स्पीड लॉक काढून देणारे, कंट्रोलर बदलून देणारे गल्लीगल्लीत आहेत. लॉक काढला की सूटही जाते. हे गाडी दुरुस्त करणारा सांगणार नाही, म्हणून मी सांगते आहे.

४. धडक बसली तर थांबा. जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा. मोटार वाहन चालकावर कलम १३४ नं हे बंधनच घातलं आहे. पळून गेलेल्या माणसाच्या बाजूनं न्यायालयात बोलणं फार अवघड जातं.

५. क्लासला जायला मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांनो, हे दोनदा वाचा. गाडी मोटार वाहन ठरली आणि मूल अठराच्या आतलं असलं, तर कलम १९९अ पालकांना आणि मालकाला गाठतं : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मुलानं न विचारता गाडी नेली, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या महागड्या मोटारीनं झालेल्या अपघातानंतर हे कलम पुण्यात घरोघरी चर्चेत आलं, पण ते केवळ महागड्या मोटारींसाठी नाही.

६. डिलिव्हरीची मुलं भाड्याच्या गाड्यांवर असतात. जबाबदारी मुलाची, गाडीमालकाची की ॲपच्या कंपनीची, यावर वाद होतोच. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही. ऑर्डर चालू असतानाच धडक झाली, याचा पुरावा त्याच दिवशी जपून ठेवा.

७. चालणाऱ्यांसाठी : गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मोटरवरच्या पट्टीसकट. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागा, ते पुसलं जातं. दवाखान्यात ‘पडले’ असं न सांगता ‘दुचाकीनं धडक दिली’ असं सांगा. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं, त्यावरच पुढे उलटतपासणी होते. न्यायाधिकरणाच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका. वकील परवडत नसेल, तर याच न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दुभाजकावरून उडी मारून किंवा मोबाइलमध्ये बघत रस्ता ओलांडला असेल, तर तुमचीही चूक धरली जाते आणि भरपाई कापली जाते. फूटपाथवर मात्र गाडीवाल्याला बोलायला जागाच नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगा फूटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आहे.

८. माझं मत स्पष्ट आहे. ताशी २५ किलोमीटरचा धक्का सत्तरीच्या माणसाला अंथरुणाला खिळवायला पुरेसा आहे, म्हणून लो-स्पीड गाडीलाही थर्ड पार्टी विमा सक्तीचा हवा. कायदा बदलेपर्यंत, तुमच्या गाडीला लागू होईल असा विमा मिळत असेल तर स्वतःहून घ्या, आणि कितीही घाई असली तरी फूटपाथवर गाडी घालू नका.